एका जागेची चूक

डॉक्टर छापखान्यात शिरले तेव्हा भोंगा कळफलकावर चढायच्या बेतात होती.

भोंगा म्हणजे छापखान्यात मजकूर टंकणाऱ्या ताईची चौदा महिन्यांची मुलगी. तिचं खरं नाव जन्माच्या दाखल्यावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. जन्मल्यावर इस्पितळात तिनं पहिला सूर असा लावला, की तीन खोल्या पलीकडच्या एका बाईनं कारखान्याचा भोंगा वाजला असं समजून घड्याळ लावून घेतलं. तेव्हापासून 'भोंगा झोपली', 'भोंगा जेवली', 'भोंगाला दात आला' असंच चालू होतं, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"आज बाळ इथं कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिला सांभाळणाऱ्या शेजारच्या मावशींची सकाळी दाढ काढलीत ना तुम्ही," ताई म्हणाली. "त्यांना बोलता येत नाही. आणि कोणी बोलत नसलं की ही त्यांच्या वाटचं बोलते."

"अक्कलदाढ होती. वाकडी," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या लेखी विषय तिथंच संपला होता.

डॉक्टर दातांचे. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून त्यांना गप्प बसवल्यामुळे शांतता ही त्यांना निसर्गाची मूळ स्थिती वाटे. पण त्यांच्याबद्दल एक गोष्ट मानायलाच हवी. त्या एवढ्याशा गावात संगीत मंडळ काढून, स्वतः त्याचे अध्यक्ष होऊन, दरवर्षी पाच रविवारचा हंगाम त्यांनी एकट्याच्या चिवटपणावर उभा केला होता. पाच रविवार, पाच तऱ्हा. यंदा पहिल्या रविवारी पितळी वाद्यांचा बँड येऊन गेला आणि वाचनालयाच्या काचांवरची दहा वर्षांची धूळ आपोआप खाली आली. दुसऱ्या रविवारी चाळीस जणांचं समूहगान. तिसऱ्या रविवारी तीन दाढीवाले गिटार घेऊन आले. ते आधी काय वाजवायचं ते ठरवतच नाहीत, असं कळल्यावर लोकांना त्यांची काळजी वाटली आणि मग मजा वाटली. चौथ्या रविवारी नुसते ढोल आणि डफ. गावातल्या लोकांचं कौतुक असं, की ते सगळ्याला सारख्याच मनानं येत. लोहार समूहगानाला डोळे पुसायचा, आणि वाचनालयाच्या शिस्तशीर बाई ढोलाच्या दिवशी खुर्चीवर टिकल्या नव्हत्या.

ताईनं हे चारही कार्यक्रम ऐकले होते, पण स्वयंपाकघरातून. तिचं घर सभागृहाच्या मागच्या गल्लीत. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर, आणि त्याची रविवारची पाळी नेमकी दुपारची. मग ताई भोंगाला कडेवर घेऊन मागच्या खिडकीशी उभी राहायची. बँड खिडकीतून आत आला, ढोल तर भिंतीतून आले. पण पाचव्या रविवारचं काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं. पाचव्या रविवारी व्हायोलिन होतं. एकच व्हायोलिन, एकच बाई, आणि त्या बाई ध्वनिक्षेपक लावू देत नसत. ते खिडकीपर्यंत येणारच नव्हतं.

आणि ऐकायचं होतं ते तेच. भोंगाच्या जन्मानंतर दुसऱ्या दिवशी, सगळं अंग ठणकत असताना आणि 'हे आपल्याला जमणार नाही' अशी खात्री पटलेली असताना, परिचारिकेच्या छोट्या रेडिओवर तेरा मिनिटं हेच व्हायोलिन लागलं होतं. तेरा मिनिटांनंतर अंग तसंच ठणकत होतं, पण खात्री जरा डळमळली होती. ताईनं हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

"शेवटच्या कार्यक्रमाचं पत्रक," डॉक्टरांनी कागद पुढे केला. "दुपारपर्यंत पाचशे प्रती. उद्या सकाळी वर्तमानपत्रातून घरोघर गेल्या पाहिजेत. आणि सूचना ठळक हव्यात. या बाई तीन वेळा कार्यक्रम अर्धवट टाकून उठून गेल्यात. इथून उठल्या तर मंडळ बंद करीन मी. लिहून देतो."

"लिहून नको, छापून देऊ," मालक कोपऱ्यातून म्हणाले. छापखान्याच्या मालकांना एवढा एकच विनोद येत असे.

ताईनं कागद वाचला. वर 'कृपया' असं लिहून खाली सहा सूचना होत्या. मोबाइल वाजवू नका. खोकू नका. काही खाऊ नका. डुलकी घेऊ नका. मध्येच उठू नका. लहान मुलांना आणू नका.

सहावी सूचना टंकताना भोंगा तिच्या मांडीवर बसून तिच्या कानातलं ओढत होती. ताईनं ती सूचना टंकली. काम ते काम.

तासाभरात डॉक्टरांचा फोन आला. "ताई, ते 'नका' बदला. फार खेकसल्यासारखं वाटतं. 'नये' करा. खोकू नये, खाऊ नये. सभ्य वाटलं पाहिजे."

सहा ठिकाणी हातानं बदलायचं म्हणजे वेळ. पण संगणकाला एकदा सांगितलं की तो सगळीकडे बदलतो. 'शोधा'च्या चौकटीत ताईनं 'नका' टाकलं, त्याच्या आधीच्या मोकळ्या जागेसकट. आता 'बदला'च्या चौकटीत तीनच गोष्टी टाकायच्या होत्या: मोकळी जागा, मग 'न', मग 'ये'. ताईनं जागेसाठी बोट उचललं तेवढ्यात भोंगानं तिची बाही ओढली, आणि बोट सरळ 'न' वर पडलं. मग भोंगाला कळफलकावरची ती लांबलचक पट्टी दिसली. तिनं तिच्यावर थाप मारली. झाली जागा. "शहाणी गं माझी," असं म्हणून ताईनं 'ये' टाकलं. मायलेकींनी मिळून तिन्ही गोष्टी टाकल्या. फक्त क्रम तेवढा बदलला.

संगणक म्हणजे आज्ञाधारक प्राणी. त्यानं सहाही ओळींत निमूटपणे तेच केलं.

छापण्याआधी ताईनं नियमाप्रमाणे डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्यासमोर रुग्ण तोंड उघडून बसलेला होता. "वाचून दाखवा," ते म्हणाले. ताईनं भोंगाच्या तोंडातून कागदाचा बोळा काढता काढता भराभर वाचलं, "मोबाइल वाजवूनये, खोकूनये, काही खाऊनये, डुलकी घेऊनये, मध्येच उठूनये, लहान मुलांना आणूनये."

"उत्तम. छापा."

"आँ," रुग्णानंही दुजोरा दिला.

मालकांनी पहिली प्रत उजेडाकडे धरून पाहिली. मालक अक्षर बघत, मजकूर नव्हे. "शाई एकसारखी आलीय," ते म्हणाले, आणि पाचशे प्रती निघाल्या.

शनिवारी सकाळी शेजारच्या मावशी पत्रक फडफडवत आल्या. गाल फुगून भोपळा झालेला. पण आनंद त्यातूनही दिसत होता.

"फाई! किफी छान केलंफ गं! फोरांना आनून ये! कोनीफरी फिचार केला फोरांच्या आयांचा!"

"काय केलं?" ताईनं पत्रक हातात घेतलं. तिथं, मालकांच्या सर्वांत सुंदर टंकात, एकसारख्या शाईत, ठळक छापलेलं होतं:

कृपया मोबाइल वाजवून ये. खोकून ये. काही खाऊन ये. डुलकी घेऊन ये. मध्येच उठून ये. लहान मुलांना आणून ये.

ताई मटकन खाली बसली. भोंगाला वाटलं खेळ आहे, तीही बसली.

छापखान्यात पोचेपर्यंत मुख्याध्यापक तिथं हजर होते. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण ते अजून कुठंही उभे राहिले की समोरची माणसं रांगेत उभी राहत.

"एकोणचाळीस वर्षं शाळा चालवली मी," ते म्हणाले. "आणि मला 'खोकून ये'? ये? वर 'कृपया', खाली 'ये'! म्हणजे वाकून नमस्कार करायचा आणि उठताना कानफटात द्यायची! माझी मजकुराला हरकत नाही. खोकून येणं ही उत्तम सवय आहे. पण 'खोकून यावे' म्हणा!"

"सर, ते 'खोकू नये' असं आहे," ताई रडकुंडीला येऊन म्हणाली. "एक जागा चुकली. पुढची जागा मागे... म्हणजे मागची पुढे..."

"म्हणजे खोकायचं नाही?" मुख्याध्यापकांना धक्का बसला. "मग मजकुरालाही हरकत आहे माझी. या वयात?"

मालकांनी चष्मा लावून प्रथमच पत्रक वाचलं. ते पुन्हा उजेडाकडे धरलं. मग हळूच म्हणाले, "टंक मात्र काय सुंदर बसलाय."

तेवढ्यात फोन सुरू झाले. 'डुलकी घेऊन ये' म्हणजे घरून घेऊन यायची की उशी आणायची? मोबाइल वाजवून यायचा तो कोणाला? मध्येच उठून ये म्हणजे स्वयंपाक मध्येच टाकून निघायचं का, आणि तसं असेल तर हे पुरुषांना कळेल असं छापता आलं नसतं का? बालवाडीच्या बाईंचा आवाज आनंदानं चिरकत होता: "बत्तीस मुलं घेऊन येतेय मी. पुढच्या रांगा मिळतील ना?"

डॉक्टरांना कळवायला हवं होतं. पण ते पहाटेच बाईंना आणायला मोटारीनं शहराला गेले होते. रविवारी दुपारी त्यांना घेऊनच परतणार होते, आणि एवढ्या मोठ्या कलावंतासमोर फोन चालू ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ताईनं सतरा वेळा फोन लावला. सतराही वेळा फोन तत्त्वात बसला नाही.

"माझ्यामुळे त्या उठून जाणार, काका," ती मालकांना म्हणाली. "मंडळ बंद होणार." आणि मनात म्हणाली, 'आणि मला ते ऐकायला मिळणार नाही ते नाहीच, कोणालाच मिळणार नाही.'

"शुद्धिपत्र काढू," मालक म्हणाले. पण रविवारच्या वर्तमानपत्रात टाकायच्या पत्रकांचे गठ्ठे बांधून गेले होते. मग त्यांनी दवंडीवाल्याला बोलावलं. हा माणूस गाडीच्या टपावर कर्णा लावून गावभर 'उद्या पाणी येणार नाही' असं सांगत हिंडे. त्याच्या आवाजाला गावात वजन होतं, कारण पाणी खरंच येत नसे. ताईनं त्याला स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: पत्रकात चुकून 'आणून ये' छापले आहे, ते 'आणू नये' असे वाचावे.

दवंडीवाल्यानं कागद दोनदा वाचला, घसा खाकरला आणि निघाला. पाच मिनिटांनी त्याचा आवाज गल्लीत घुमला:

"ऐका हो ऐका! पत्रकात लहान मुलांना आणूनये असं छापलंय! ते आणूनये असं वाचावं! पुन्हा सांगतो! आणूनये नाही, आणूनये!"

ताईनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. वरच्या मजल्यावरची एक बाई गॅलरीतून दुसरीला म्हणाली, "बघ, गाडी लावून सांगतायत. आता नाही नेलं पोरांना तर बरं दिसणार नाही."

संध्याकाळपर्यंत ज्यांच्या घरी वर्तमानपत्र येत नव्हतं, त्यांनाही कळलं होतं.

रविवारी चार वाजता ताई सभागृहाच्या दारात उभी होती. तिनं ठरवलं होतं, एकेकाला तोंडानं समजावून परत पाठवायचं. पंपावरची पाळी होतीच, मावशी नटूनथटून दारालगतच्या रांगेत जाऊन बसल्या होत्या, त्यामुळे भोंगा कडेवर होती.

"माफ करा, छापण्यात चूक झाली. लहान मुलांना आणायचं नव्हतं," ताईनं पहिल्या आईला सांगितलं.

त्या आईनं ताईच्या कडेकडे पाहिलं. "मग ही कोण?"

भोंगा गोड हसली. ताई बाजूला झाली. त्यानंतर तिनं कोणालाच अडवलं नाही.

लोक येत गेले. जिना बाबागाड्यांनी भरला. बत्तीस मुलं एकमेकांच्या सदऱ्यांची टोकं धरून, आगगाडी करून आली. दाराबाहेर भिंतीला लागून गावातली वयस्क मंडळी ओळीनं उभी राहून खोकत होती. नुसती नव्हे, मन लावून. मुख्याध्यापक मधोमध उभं राहून देखरेख करत होते. "तळातून काढा, तळातून! वरवरचं नको!" पलीकडे काही जण घाईघाईनं शेवटचे घास गिळत होते. एकानं आपला मोबाइल कानाशी धरून पूर्ण वाजू दिला, समाधानानं ऐकला, आणि बंद करून खिशात टाकला.

नेमकी तेव्हाच डॉक्टरांची मोटार थांबली.

आधी डॉक्टर उतरले. मग व्हायोलिनची पेटी. मग बाई. सत्तरीच्या, काटकुळ्या, केस पांढरेशुभ्र, आणि मान अशी ताठ की व्हायोलिन नसतानाही ते खांद्यावर आहे असं वाटावं. ताईनं भोंगाला दुसऱ्या कडेवर घेतलं. रेडिओतला आवाज चालत चालत आपल्याकडे येतोय, असं तिला वाटलं.

"हे काय चाललंय?" बाईंनी भिंतीकडे पाहून विचारलं.

"खोकून घेतोय," मुख्याध्यापक म्हणाले. "सूचना क्रमांक दोन."

डॉक्टरांनी भिंतीवरचं पत्रक वाचलं. दवाखान्यात नमुना म्हणून ठेवलेल्या कवळीपेक्षाही ते पांढरे पडले. मग त्यांनी सभागृहात डोकावून पाहिलं आणि दाराची चौकट धरली. "कोणी केलं हे? बाहेर काढा! सगळ्या मुलांना बाहेर काढा!"

"मी केलं," ताई पुढे झाली. कडेवर भोंगा तिच्या गळ्यातली माळ चघळत होती. "यांचं काही नाही, बाई. यांनी 'आणू नये' सांगितलं होतं. माझी एक जागा चुकली. मोकळी जागा 'न'च्या आधी टाकायची, ती नंतर पडली. तुम्ही... तुम्ही उठून जाऊ नका. आम्ही बाहेर थांबतो. मी ऐकलंय तुम्हाला एकदा. तेरा मिनिटं."

ती 'तेरा मिनिटं' का म्हणाली, हे तिचं तिलाही कळलं नाही.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पत्रक वाचलं, अगदी सावकाश, पहिल्या सूचनेपासून सहाव्यापर्यंत. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"वाजवताना जागा चुकली तर काय करायचं असतं, माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

ताईनं नकारार्थी मान हलवली.

"थांबायचं नसतं." बाई डॉक्टरांकडे वळल्या. "आणि हे 'नका', 'नये' मी कधी सांगितलं होतं हो?"

"पण तुम्ही तीन वेळा उठून गेलात ना? अर्धवट टाकून?"

"गेले. तिन्ही वेळा पहिल्या रांगेत मोठी माणसं बसली होती. भाषणं करून दमलेली. आपापसांत बोलत होती." त्यांनी पेटी उचलली. "पहिल्या रांगेत आज कोण आहे?"

"बालवाडी," मुख्याध्यापकांनी माहिती पुरवली.

"मग चला."

ताईला आत जायचं धाडस झालं नसतं, पण मागून खोकून मोकळ्या झालेल्या मंडळींचा लोंढा आला आणि तिला घेऊनच आत गेला. बसायला जागा नव्हती. ती मागच्या खांबाला टेकून उभी राहिली.

बाईंनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. बत्तीस मुलांनीही आपापल्या हनुवटीखाली हात धरले. कोणी हसलं नाही. मग व्हायोलिनचा गज तारेवर टेकला, आणि जो सूर आला तो कुठून सुरू झाला ते कळलंच नाही. जणू तो आधीपासून त्या खोलीत होता आणि बाईंनी त्याच्यावरचं पांघरूण तेवढं काढलं. ताईनं डोळे मिटले. चौदा महिन्यांत तिनं डोळे मिटले होते ते फक्त झोपेनं. सूर वर गेला, वळला, एका ठिकाणी थांबून जरासा थरथरला आणि खाली येताना सगळ्यांना बरोबर घेऊन आला. आंघोळ घालून झाल्यावर पंच्यात गुंडाळलेलं मूल जसं एकदम निवांत होतं, तसं सभागृह झालं.

आणि शांतता! डॉक्टरांनी चाळीस वर्षांत दवाखान्यातही अशी शांतता ऐकली नव्हती. त्यांच्या प्रत्येक हंगामात 'खोकू नका' असं लिहिलेलं असे आणि अर्धं सभागृह खोकत असे. आज कोणी खोकत नव्हतं, कारण सगळे खोकून आले होते. कागदाच्या पुड्या कुरकुरत नव्हत्या, कारण सगळे खाऊन आले होते. मोबाइल वाजून गेले होते. ज्यांना दुपारी हमखास पेंग यायची, ते घरूनच डुलकी घेऊन टवटवीत होऊन आले होते. आणि मुलांना घरी सोडून आलेल्या आयांचं लक्ष घड्याळाकडे असतं, ते आज कोणाचंच नव्हतं.

मग एका अतिशय हळुवार ठिकाणी, जिथं बाई गज नुसता श्वासासारखा ओढत होत्या, तिथं भोंगानं तोंड उघडलं. ताईच्या ते लक्षात आलं, पण उशिरा.

"आऽऽऽऽ"

रडणं नव्हतं ते. एक लांब, सरळ, भरघोस सूर. पंपावरच्या बापापर्यंत पोचेल एवढा. ताईनं तिच्या तोंडावर हात ठेवायला उचलला आणि तो हवेतच राहिला, कारण बाईंनी डोळे न उघडता व्हायोलिन त्या सुराशी नेऊन मिळवलं. दोन्ही सूर क्षणभर एकमेकांना टेकून उभे राहिले. मग व्हायोलिननं भोंगाचा सूर उचलला, त्याला एक गिरकी दिली आणि तो परत आणून ठेवला. भोंगा थक्क झाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कोणीतरी तिच्या भाषेत उत्तर दिलं होतं. त्यानंतर तिनं ब्र काढला नाही.

आणि नेमका तेव्हा डॉक्टरांना खोकला आला.

सगळ्या गावात न खोकता आलेले ते एकटेच होते. दिवसभर मोटारीत धूळ खाल्लेली, त्यात मघाचा धक्का. त्यांनी खोकला दाबला. ते लाल झाले, मग जांभळे झाले. खुर्ची हलायला लागली. पहिल्या रांगेतली बत्तीस डोकी एकेक करून मागे वळली, आणि त्यातलं एक स्वच्छ आवाजात म्हणालं,

"काका, खोकून नाही आलात?"

डॉक्टर मध्येच उठले. दोन्ही हात तोंडावर धरून, वाकून, आपल्याच सूचना क्रमांक पाचचा भंग करत ते दाराबाहेर गेले. बाईंनी गज उचलून धरला आणि वाट पाहिली. बाहेरून खोकला ऐकू आला, तळातून आलेला. मग बाई हसल्या आणि जिथं थांबल्या होत्या तिथूनच पुढे निघाल्या.

कार्यक्रम संपल्यावर जिन्यात त्या ताईपाशी थांबल्या. भोंगाच्या गालाला एक बोट लावलं. "काय सुंदर जागा घेतली हिनं."

ताईनं लगेच विचारलं, "आता कुठली चुकली?"

"अगं, घेतली म्हणतेय, चुकली नाही." गाण्याबजावण्यातले लोक सुरातल्या देखण्या वळणाला 'जागा' म्हणतात, हे छापखान्यात ताईला कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी ते जिन्यात उभं राहून, दोन बाबागाड्यांच्या मधे, नीट समजावून सांगितलं. खाली मोटारीशी डॉक्टर ताटकळत उभे होते. त्यांना बोलवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या वर्षी हंगामाच्या तोंडावर डॉक्टर छापखान्यात आले. भोंगा आता धावत होती, म्हणजे टेबलाखालून टेबलाखाली. डॉक्टरांनी कागद पुढे केला.

"बाई यंदाही येतायत. सूचना मागच्याच ठेवा म्हणाल्या. एकही जागा हलवायची नाही, अशी अट आहे त्यांची. फक्त सरांसाठी खाली एक बारीक ओळ टाका, 'वडीलधाऱ्यांनी ये च्या जागी यावे असे वाचावे'."

"आणि ही सातवी?" ताईनं विचारलं. सहा सूचनांखाली, बाईंच्या तिरप्या अक्षरात, एक सातवी होती.

डॉक्टर घसा खाकरू लागले, आणि मधेच थांबले. "त्यांनी स्वतः घातली. छापून आलीच पाहिजे म्हणतात. छापायच्या आधी फोनवर वाचून दाखवायला सांगितलंय."

ताईनं वाचलं. 'अध्यक्षांना आणू नये.'

मालक एकदम खाली वाकून शाईचा डबा शोधू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

"गंमत केली असेल हो त्यांनी," ताई म्हणाली.

"गंमतच असणार," डॉक्टर म्हणाले. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मागच्या वर्षी दाराबाहेर उभं राहून त्यांनी उरलेला कार्यक्रम फटीला कान लावून ऐकला होता, हे ताईला माहीत होतं. मावशींनी पाहिलं होतं. पाच रविवार उभे करणाऱ्या माणसानं फटीतून ऐकावं, ही गोष्ट तिला वर्षभर बोचत होती. खिडकीतून ऐकणं कसं असतं, ते तिला कोणी शिकवायला नको होतं.

डॉक्टर टेबलावर वाकले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "ताई, ती... सातवीतली एक जागा... एक अक्षर पुढे सरकवता येईल का? फोनवर वाचलं तर काही कळायचं नाही."

ताईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ती टेबलाखाली वाकली, भोंगाला उचलून मांडीवर घेतलं आणि 'अध्यक्षांना आणून' इथपर्यंत टंकून हात मागे घेतला.

"हं, दाब," ती म्हणाली.